पालथं झोपायचं

आमचे हे गाड्या रंगवायचे. एक डोळा तरुणपणीच पत्र्याची किरच लागून गेला, पण उरलेल्या एका डोळ्यावर असे रंग जुळवायचे की दोन डोळेवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. त्या डोळ्याचा आतला पडदा सुटला, तेव्हा माझ्या पायाखालची जमीन सरकली.

ऑपरेशन करून डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात सिलिकॉनचं तेल भरलं. पडदा चिकटेपर्यंत तेच त्याला जागेवर दाबून धरणार होतं. म्हणाल्या, "दिवसरात्र पालथं झोपायचं. बसलात तरी मान खाली." का, ते सांगायला त्यांना वेळ नव्हता आणि विचारायचं आम्हाला सुचलं नाही.

तेलाचं नाव ऐकूनच ह्यांना घाम फुटला. "सिलिकॉन? अगं, त्याला मी आयुष्यभर वर्कशॉपच्या दारात उभं केलं नाही!" खरंच होतं ते. पॉलिशमधलं ते तेल बॉनेटवर चुकून बोटभर राहिलं, तरी तिथे रंग धरत नाही, खड्डे पडतात. ते उडून जात नाही, पाण्याने निघत नाही. कुणी केसांना चमक आणणारं काही लावून कामावर आला, तर हे त्याला आधी डोकं धुवायला पिटाळायचे.

पालथं झोपून नाक चेपलं, मान धरली, चिडचिड वाढली. शिवणकामाच्या दुकानात कामाला जाताना मी बजावून जायची, "हलायचं नाही हं." उशीतून आवाज यायचा, "हो गं बाई!"

एकदा वीज गेली म्हणून दुकान दुपारीच बंद झालं. घरी आले तर स्वारी उताणी, उशीसुद्धा न घेता, अगदी सपाट.

"अहो! हे काय?"

"ओरडू नकोस. रोज तू गेलीस की असाच झोपतो. पडदा डोळ्याच्या मागे असतो ना? मग तेल मागे बसायला नको? रंग नीट बसायला आपण बॉनेट आडवंच ठेवतो, उभं केलं की ओघळ येतात. बाईंनी कधी पत्रा रंगवलाय?"

मला राग आला आणि, खरं सांगते, क्षणभर पटलंही. तरी ओढत दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई बराच वेळ डोळ्यात बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे तेल पाण्यापेक्षा हलकं असतं. डोळ्यात पाणी असतंच, त्यावर ते तरंगतं. पालथं झोपलं की डोळ्याची मागची बाजू वर येते आणि तेल तिथे जाऊन पडद्याला दाबतं. तुम्ही उताणे झोपलात. तेल पुढे आलं, मागे पाणी साचलं." पडदा सुटून आकसला होता. पुन्हा ऑपरेशन करून फायदा नव्हता. दिसत होतं तेवढंही आता जाणार होतं.

मला बाईंचा राग आला, एवढं आधी सांगायला काय झालं होतं? ह्यांचा आला, माझाही आला. पण राग काढून पडदा थोडाच चिकटणार होता!

घरी आल्यावर ह्यांनी चपलाही न काढता पलंग चाचपला आणि पालथे झाले. आता उपयोग नाही हो, असं म्हणायला माझी जीभ रेटेना.

उशीतून आवाज आला, "आता बरोबर झोपलोय ना गं?"

"हो," मी म्हटलं. "अगदी बरोबर."