साडेपाचातलं अर्धं

सकाळी ओटमील ढवळता ढवळता ऑरिनने नेहमीसारखं गुपित फोडलंच. "अठरा फासे, व्हर्ना! दहा बाजूंचे! आणि प्रत्येक फाशामागे वर तीन!"

याच्या पोटात गोष्ट राहील तर शपथ. शनिवारच्या फाशांच्या खेळात बाकीचे आपापलं पात्र घेऊन ज्याच्याशी लढायचे, तो राक्षस ऑरिन घरीच, फाशांवरून त्याची ताकद ठरवून, कागदावर बनवायचा; खेळाच्या पुस्तकातला आयता राक्षस म्हणजे त्याच्या लेखी डब्यातलं सूप. तेवढा एक आकडा मात्र तो कुणाला सांगत नसे, राक्षस किती मार खाऊन मरणार तो. पण गणिताच्या मास्तराबरोबर एकतीस वर्षं काढलेल्या बाईला तो सांगावा कशाला लागतो? एक नि दहा अकरा, त्याचं अर्धं साडेपाच, ही एका फाशाची सरासरी. साडेपाच अठरा नव्याण्णव. वरचे तीन अठरा चोपन्न. एकशे त्रेपन्न. व्हर्नाने कॉफी ओतता ओतता हिशेब संपवला.

"लोक पाचच धरतात, गाढव लेकाचे," ऑरिन म्हणाला. "त्या अर्ध्यातच राक्षसाचा प्राण असतो." डलूथ गावात त्याच्या टेबलाशी बसलेल्या प्रत्येकाने हे वाक्य ऐकलेलं होतं.

दुपारी तळघरात चौघं बसले. ऑरिन पुठ्ठ्याच्या आडोशामागे. समोर व्हर्ना, त्याचा जुना विद्यार्थी गस आणि गसची बायको लेनोर. खिडकीला बर्फ टेकला होता. व्हर्ना सवयीने प्रत्येक घावाचा आकडा पेन्सिलीने टिपत होती. बेरीज एकशे छप्पन्न झाली तशी तिने पेन्सिल खाली ठेवली. झालं, आता कोसळणार.

ऑरिनने आडोशामागच्या कार्डाकडे पाहिलं. "डगमगला," तो म्हणाला. "पण उभा आहे."

एकशे सत्तर. उभाच. एकशे अठ्ठ्याऐंशी. तरी उभा, आणि वर त्याने व्हर्नाच्या पात्राला, तिरंदाज बाईला, असा तडाखा दिला की त्या बाईचे प्राण नऊ गुणांवर आले. सव्वीस वर्षं जपलेली तिरंदाज. पण व्हर्नाचं तिच्याकडे लक्षच नव्हतं. तिने कागदावरची बेरीज पुन्हा एकदा केली. गेल्या महिन्यात ऑरिन दुकानातून घरी येताना रस्ता चुकला होता. बर्फामुळे, असं दोघांनी मिळून ठरवलं होतं.

"मास्तर, राक्षस आहे का रबराचा बोळा?" गस ओरडला. "थांबा, आधी खाऊन घेतो, मग याची हाडं मोजतो." तो नि लेनोर वर ओव्हनमध्ये भाजत ठेवलेलं खिमा-बटाट्याचं हॉटडिश काढायला गेले. ऑरिन मोरीकडे गेला.

आडोशामागे डोकावणं म्हणजे त्या टेबलावरचं महापाप. एकतीस वर्षांत व्हर्नाने ते केलं नव्हतं. आज केलं.

कार्डावर त्याच्या सुबक अक्षरात अठरा फासे होते, दहा बाजू होत्या, वरचे तीन होते. त्याखाली तेच गणित तीनदा मांडून तीनदा खोडलेलं. तीन उत्तरं, तिन्ही वेगळी. शेवटी अठरा दाहे एकशे ऐंशी, वर चोपन्न, आणि दोनशे चौतीसला चौकट. म्हणजे सरासरी काढलीच नव्हती. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, "अर्धं कशाचं?"

अरे देवा! व्हर्नाला रडूच फुटणार होतं. जिन्यावर पावलं वाजली तशी ती जागेवर येऊन बसली; ऑरिनही मोरीतून परतून आडोशामागे बसला.

गस तोंडात घास घेऊनच खाली आला आणि त्याने तिचा कागद ओढला. "हे बघा! एकशे अठ्ठ्याऐंशी! एवढ्यात हत्ती मेला असता. मास्तर, दाखवा कार्ड. तुमच्याच वर्गात शिकलोय, तपासतो."

ऑरिनचा हात कार्डावर गेला आणि तिथेच राहिला. त्याचे कान लाल झाले.

"तपासतोस कसलं कपाळ," व्हर्ना म्हणाली. "ते कार्ड मी लिहिलंय. त्याचा हात दुखत होता म्हणून म्हटलं, आज मी करते. सरासरी काढायचीच विसरले."

"तुम्ही? मास्तरीणबाई, तुम्ही?" गस खो खो हसला. "एकतीस वर्षं फुकट गेली म्हणायची! राक्षस केव्हाच मेलाय, आपण मढ्याला बडवतोय!" लेनोरनेही टाळी दिली. तिरंदाज वाचली. व्हर्ना सगळ्यांबरोबर हसली.

ती दोघं गेल्यावर ऑरिन फासे पिशवीत भरत होता. तो काय विचारेल, याची व्हर्नाने मनाची तयारी केली होती. आज बोलू, सगळंच बोलू, सोमवारी डॉक्टरला फोन करू, असं तिने ठरवलं होतं.

"व्हर्ना," तो म्हणाला, "कार्ड तू लिहिलंस होय?"

तिने टेबलावरचा एक फासा उचलून त्याच्या पिशवीत टाकला.

"बरं झालं बाई!" त्याने मोठा श्वास सोडला. चेहरा कसा उजळला होता त्याचा! "मला वाटलं मीच चुकलो. घाबरलो होतो गं मी." मग त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, वर्गातल्या कच्च्या पोराच्या खांद्यावर ठेवावा तसा. "लाजायचं नाही. पुढच्या वेळी आधी मला दाखव, मी तपासून देत जाईन."

"दाखवीन," व्हर्ना म्हणाली.