साडेसत्याहत्तर किलो

केवलरामने तांदळाचं तिसरं पोतं होडीत ठेवलं, त्यावर अडीच किलो तुरीची डाळ ठेवली आणि दोन पावलं मागे सरून कमरेवर हात ठेवले. होडी हलली, थोडी दबली आणि थांबली.

"पाच मिनिटं कोणी हात लावू नका," तो म्हणाला.

तेजरामने मान डोलावली. भिलाईजवळच्या उतई गावापुढच्या या तलावावर त्याचा बोटिंगचा धंदा होता. लोक भाड्याने होड्या घेत, कोणी हौशी विकतही घेत आणि त्याच्याकडेच ठेवत. पण तांदूळ-डाळ घेऊन आलेलं गिऱ्हाईक त्याने आजच पाहिलं.

केवलराम भिलाईच्या कारखान्यात पस्तीस वर्षं क्रेन चालवून रिटायर झालेला. क्रेन कितीही नवीकोरी असो, सव्वापट वजन पेलून दाखवल्याशिवाय तिच्यावर भरवसा ठेवायचा नाही, हा तिथला नेम त्याच्या अंगात मुरला होता. बायकोचं वजन बासष्ट किलो. त्याची सव्वापट साडेसत्याहत्तर. पंचवीस-पंचवीसची तीन पोती झाली पंचाहत्तर, आणि वर डाळ. हे गणित त्याने तलावाच्या काठावर, चार परक्या माणसांदेखत, खणखणीत आवाजात मांडलं होतं.

"माइक आणून देऊ का जी?" गिरजाबाई काठीवर रेलून म्हणाली. "तलावाच्या तिकडच्या पाळीवर ऐकू नसन गेलं."

नात मोनाली तोंडावर हात ठेवून हसली.

पण गिरजाबाई आज हसायला आलेली नव्हती. साकोलीकडच्या तलावाकाठी वाढलेली बाई ती. मासे धरायच्या गळाला तिच्या माहेरी गरी म्हणत आणि छत्तीसगडातही गरीच म्हणतात, त्यामुळे लग्न होऊन भिलाईला आल्यावर निदान एक शब्द तरी तिला ओळखीचा भेटला होता. दर रविवारी भिलाईतल्या रुआबांध्याच्या घरून निघायचं, कुठल्या तरी तलावावर गरी टाकून बसायचं. नवरा शेजारी बसे, जन्मात एक मासा धरत नसे आणि तिला सूचना देत राही. उंटावरून शेळ्या हाकायची सवय, ती सुटते थोडीच! मग तीन वर्षांपूर्वी स्कूटर घसरली. उजवा गुडघा डॉक्टरांनी सांधला तो कायमचा सरळच सांधला. आता तो काही केल्या वाकत नाही. गेल्या हिवाळ्यात काठाच्या निसरड्या उतारावर ती अडकली, आणि चार अनोळखी पुरुषांनी बगलेत हात घालून तिला वर काढली. पदर कुठे, चप्पल कुठे. माणसं भलीच होती बिचारी. पण त्या दिवशी घरी येऊन ती जेवली नाही, आणि त्यानंतर तिने गरीला हात लावला नाही.

"पाण्यात बसूनच मासे धर ना मंग. काठ पाहिजेच कायले?" असं म्हणत केवलराम दोन महिने तिच्यामागे लागला होता. तो होडी विकत घेणार होता; शेवटी ती बघायला यायला तयार झाली, तीही अट घालून.

"एकदा येते. पण मले उचलायची पाळी आली, तर गरी तिथंच कोणाले बी देऊन टाकीन. मंग पाण्याचं नाव नाही काढायचं. मी नाही आन् तुमी बी नाही."

गरी तिने सोबत आणली होती, ती म्हणूनच.

होडी पास झाली. पाठोपाठ कयाकची पाळी आली. लांबट, निमुळती, मध्ये बसायला खोलगट जागा. पोती त्यात मुकाट्याने मावली आणि कयाकही पास झाली. तिसरा होता पॅडलबोर्ड. म्हणजे नुसती हवा भरलेली रुंद, जाड फळी. रविवारी पोरं येऊन त्यावर उभी राहत आणि हातात लांब वल्हं धरून एकमेकांचे व्हिडिओ काढत. केवलरामने त्यावर पोती रचली, पहिल्याच हेलकाव्याला फळी कलली आणि तुरीची डाळ डुबुक करून तळाला गेली.

"याले कठडाच नाही!" केवलराम ओरडला. "फेल! न्या हे तिकडं!"

तेजरामने फळी बाजूला ढकलली आणि गिरजाबाईला बोलावलं. "आओ काकी. ये होडी सबसे सेफ है."

गिरजाबाईने नातीची ट्रॅकपँट घातली होती, वर लाइफ जॅकेट चढवलं होतं. ती पाण्यात उतरून होडीपाशी आली. होडीचा काठ मांडीपर्यंत येत होता. डावा पाय तिने आत टाकला असता, पण मग सगळा भार त्या सरळसोट उजव्यावर येणार, आणि तो पाय काठावरून आत न्यायला गुडघा दुमडायला हवा. तिने पाठ वळवून पाहिलं, काठाला धरून पाहिलं. होडी दर वेळी पुढे सरकत होती.

तेवढ्यात केवलराम एका बाजूने आणि तेजराम दुसऱ्या बाजूने आला. दोघांचे हात आपसूक तिच्या बगलेत गेले. तिची पावलं तळापासून सुटली.

"सोडा," ती म्हणाली.

"अवं, आलीच का आत—"

"सोडा म्हणते ना!"

त्यांनी तिला खाली ठेवलं. मोनालीने उगाच मोबाइल खिशात घातला.

कयाकचंही तेच झालं. त्या खळग्यात बसायला आधी दोन्ही गुडघे पोटाशी घ्यावे लागत. गिरजाबाईने एकदाच वाकून पाहिलं आणि ती सरळ झाली.

"तांदूळ बसते याच्यात. मी नाही बसत."

"कावून नाही बसत? टेस्ट केली ना मी! सव्वापट!"

"पोत्याची केली," गिरजाबाईचा आवाज चढला. "पोतं कधी आपल्या पायानं चढते का? ते चढवावंच लागते. तुमी पस्तीस वर्षं वर बसून सामान उचललं, तुमाले वाटते का दुनिया उचलायसाठीच हाये."

चूक केवलरामच्या ध्यानात आली होती, आणि ती इतकी साधी होती की त्याला स्वतःचाच राग आला. गिरजाबाई काठाकडे वळली आणि टेकवून ठेवलेली गरी तिने हातात घेतली. ती तेजरामकडे बघत होती. गरी आता त्याच्या हातात जाणार, हे केवलरामने ओळखलं. ही बाई बोललेलं फिरवत नाही, हे त्याला चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"थांब ना व जराशीक," तो हळूच म्हणाला. त्याच्या तोंडून असा आवाज क्वचितच निघत असे.

ती थांबली, पण त्याच्यासाठी नाही. बाजूला ढकललेली फळी पाण्यावर डुलत होती. तिला ना काठ होता, ना खळगा. ओलांडायचं असं काही नव्हतंच तिथे.

"मोना, हे धर." तिने गरी आणि काठी नातीच्या हातात दिली.

"आजी, उसपे तो खड़े रहते हैं! तुला नाही जमणार ते!"

"उभं राहायले कोण जाऊन राहिलं?"

ती पाण्यात गेली, फळीकडे पाठ केली आणि बाकावर बसावं तशी टेकली. फळी दगाबाज निघाली. एका क्षणात उलटली आणि गिरजाबाई धपकन पाण्यात!

"अरे धरा! धरा तिले!" केवलराम बूटमोज्यांसकट पाण्यात धावला.

"खबरदार!" पाण्यातून आवाज आला. "कोणी हात लावला तर याद राखा!"

लाइफ जॅकेटने तिला तरंगती ठेवली होती. केस गालाला चिकटलेले, नाकातोंडात पाणी, पण डोळे मात्र चांगलेच पेटलेले. ती फळी ओढत, एका हाताने पाणी कापत मागे गेली, कमरेइतक्या पाण्यात. तिथे तिचं वजन पाण्याने घेतलं, गुडघ्याची मिजास संपली. दोन्ही हात तिने फळीवर आडवे टाकले, पोट टेकवलं आणि डाव्या पायाने पाण्याला लाथा घातल्या. तलावातल्या म्हशीच्या पाठीवर पोरं चढतात, अगदी तशी. एकदा घसरली, दोनदा घसरली. काठावर चहा पिणारी माणसं कप हातात धरून उभी राहिली. तिसऱ्या वेळी ती छातीपर्यंत वर आली, मग पोटापर्यंत, आणि मग धापा टाकत अख्खी. वळली, उठून बसली. उजवा पाय फळीवर लांबच्या लांब सरळ पसरला होता, आणि त्याला वाकायला सांगणारं तिथे कोणीच नव्हतं.

मोनाली अशी किंचाळली की बांधावरचे बगळे उडाले. तेजराम टाळ्या पिटू लागला. "वाह काकी! वाह!"

"वल्हं देता का आता, का हातानं जाऊ?" गिरजाबाई म्हणाली.

तेजरामने लांब वल्हं आखूड करून दिलं. दोन वेळा ती गोल फिरली, तिसऱ्यांदा फळी सरळ चालली. केवलराम गुडघाभर पाण्यातून ओरडत होता, "डावीकडं! डावीकडं घे!" आणि ती खुशाल उजवीकडे कमळांच्या बाजूने जाऊन, मोठा वळसा घालून परत आली. तिच्या चेहऱ्याकडे पाहून केवलरामचे डोळे भरून आले. ते त्याने ओल्या बाहीने पुसले, म्हणजे आणखी ओले केले.

फळी त्याच्यापाशी येऊन थांबली. त्याचा हात सवयीने तिच्या बगलेकडे निघाला. अर्ध्या वाटेत त्याने तो थांबवला आणि मागे घेतला. गिरजाबाईने ते पाहिलं.

"तो फिर काका, कौन सा फायनल?" तेजरामने विचारलं. "ये तो आपने फेल किया था."

"मले काय इचारतं?" केवलराम म्हणाला. "बसणारीले इचार."

बसणारी नातीकडे हात पुढे करून होती. मोनालीने तिला गरी दिली, कणकेच्या गोळ्यांची डबी दिली. गिरजाबाईने डबी मांडीशी ठेवली आणि वल्ह्याने काठाला रेटा दिला.

"कधी येशीन?" केवलरामने विचारलं.

"मले वेळ लागन," ती मागे न पाहता म्हणाली. "तुमी जेवून घ्या."