लोवेलची जीभ

लोवेल बर्गस्ट्रॉम पहिला घोट घेत असला की बाकीच्यांनी गप्प बसायचं, असा नियम त्या टेबलावर न ठरवताच पडून गेला होता. तो डोळे मिटायचा, रस्सा जिभेवर घोळवायचा, मग नाकातून लांब श्वास सोडून, कुणाचं मृत्युपत्र वाचून दाखवावं अशा आवाजात सांगायचा, "चक्रीफूल. दालचिनी, भाजलेली. आलं मात्र घाईत जाळलंय."

तोवर व्हर्नाच्या वाडग्यातल्या शेवया फुगून दुप्पट झालेल्या असायच्या.

"नुसतं 'गरम आहे' असं म्हणता येतं का रे तुला कधी?" तिने एकदा विचारलं.

"गरम असण्यात कसलं कौतुक, व्हर्ना? गरम तर रेडिएटरही असतो."

व्हर्ना हॉगलंडचा सगळा जन्म अमेरिकेत, मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये लोकांचे दात साफ करण्यात गेला होता. तोंडात आरसा घातलेला असतानाही माणसं धडधडीत खोटं बोलतात, 'रोज दातांत दोरा फिरवते हो मी' म्हणतात आणि हिरड्या रक्ताने भरलेल्या असतात, हे तिने इतकं पाहिलं होतं की माणसाबद्दलचा तिचा आदर निवृत्तीच्या आधीच संपला होता. जीभ म्हणजे तिच्या लेखी कामाच्या आड येणारा मांसाचा गोळा होता. आणि लोवेल त्या गोळ्यावर जगत होता.

ते चौघं मूळचे बोलिंगवाले. दर गुरुवारी लाकडी पट्टीवरून जड चेंडू घरंगळवून पिना पाडायचे. मग ती जागा पाडून तिथे लोकांची अडगळ भाड्याने ठेवायची गोदामं उभी राहिली. खेळ गेला तसं आपल्याला एकमेकांशी काही काम उरलेलं नाही, हे चौघांनाही कळलं होतं. पण मिनेसोटात असं तोंडावर बोलायची पद्धत नाही. म्हणून गुरुवार तसाच राहिला आणि खेळाऐवजी जेवण आलं. युनिव्हर्सिटी अव्हेन्यूवर व्हिएतनामी, थाई, लाओ, इथिओपियन अशी हॉटेलं ओळीने होती. आज हे, पुढच्या वेळी ते.

मार्लिस शाळेच्या बसगाड्यांचं वेळापत्रक सांभाळायची. कुठेही गेली तरी ती फ्राइड राइसच मागवायची आणि कशालाही हसायची. कर्टिस निवृत्त प्लंबर. तो समोर येईल ते खाऊन "वाईट नाही" म्हणायचा, आणि याच्यापुढचं कौतुक त्याच्या घराण्यात कुणी केलेलं नव्हतं. राहिला लोवेल. त्याने आयुष्यभर गालिचे विकले होते. बायको केव्हाच सोडून गेली होती. पुढे कधीतरी तो बारा दिवस थायलंडला जाऊन आला आणि अर्ध्या हळकुंडाने असा पिवळा झाला, की तेव्हापासून प्रत्येक वाक्यात "तिकडे" यायला लागलं. तिकडे असं करत नाहीत. तिकडे हे हाताने खातात. नाकाने कांदे सोलणारी माणसं व्हर्नाने पुष्कळ पाहिली होती, पण हा प्रत्येक पाकळीची जातकुळीही सांगायचा.

परतताना गाडी व्हर्नाच चालवायची. लोवेलचं घर आधी यायचं. तो उतरून दार लावतो न लावतो तोच गाडीत हशा पिकायचा. मार्लिस त्याच्या श्वासाची नक्कल करून दाखवायची, कर्टिससुद्धा खुदखुदायचा. गुरुवारचं खरं जेवण ते होतं.

जानेवारीत लोवेलने हद्द केली. लाओ हॉटेलात कच्च्या पपईचं सॅलड आलं. त्याने एक घास घेतला, काटा ठेवला आणि मालकीणबाईंना बोलावलं. खामला नावाच्या त्या बाई ओला हात ॲप्रनला पुसत आल्या.

"यात दम नाही," लोवेल म्हणाला. "तिकडे असं देत नाहीत."

खामलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, बशी उचलली आणि आत नेली. दुसरी आली. लोवेलने चाखून मान डोलावली. "आता कसं!"

व्हर्नाने दोन्ही खाल्ली होती. तिला काडीचा फरक लागला नव्हता. पण तिला कशातच फरक लागत नसे, म्हणून ती गप्प बसली.

फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी बर्फामुळे मार्लिस आणि कर्टिस आलेच नाहीत. व्हर्नाने लोवेलला घरी सोडलं, तर तो म्हणाला, "आत ये, कॉफी देतो." थंडी अशी की नाही म्हणण्याइतका वेळही बाहेर उभं राहवेना.

स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि व्हर्नाने हातमोजाच नाकाला लावला. कचऱ्याच्या डब्यात काहीतरी सडत होतं, आजचं नव्हे, चांगलं आठवड्याचं. लोवेल मात्र शीळ घालत कॉफी करत होता. त्याने फ्रिजमधून दुधाचा डबा काढला आणि आपल्या कपावर वाकडा केला. दूध आलं नाही. गुठळ्या पडल्या, डुब डुब अशा. त्याने चमच्याने त्या नीट ढवळल्या आणि तोंडाला कप लावला.

"इथिओपियाच्या बिया आहेत," तो म्हणाला. "मागे मधाची एक छटा येते बघ."

व्हर्ना त्याच्या मिशीवर चिकटलेल्या पांढऱ्या कणाकडे बघत राहिली. याला वास येत नाही. याला चव कळत नाही. आणि हा मेला अजून मध सांगतोय!

तिला दया आली असती तर बरं दिसलं असतं. पण तिला आनंद झाला. इतक्या वर्षांत झाला नव्हता असा. आपला कप तिने सिंकमध्ये ओतला आणि घरी पोचल्या पोचल्या मार्लिसला फोन केला.

"अगं बाई, बिचारा!" मार्लिस म्हणाली.

"बिचारा? पपईची बशी परत पाठवली ना त्याने? काही लागत नसताना? त्या बाईला नवी करायला लावली! बिचारा म्हणे."

"तेही खरंच," मार्लिस म्हणाली आणि हसायला लागली.

पुढच्या गुरुवारी थाई हॉटेल होतं. तिथे प्रत्येक टेबलावर चार बरण्यांचा स्टँड असतो: मिरचीपूड, व्हिनेगर, आंबवलेल्या माशाचं खारट पाणी आणि साखर. नारळाच्या दुधाचं सूप आलं तेव्हा लोवेल नेहमीसारखा हात धुवायला गेलेला होता. व्हर्नाने साखरेची बरणी उघडली आणि त्याच्या वाडग्यात चमच्यामागून चमचा घातला. मग शांतपणे ढवळलं.

"हे काही बरं नाही," कर्टिस म्हणाला. पण त्याने हात धरला नाही. मार्लिसने रुमाल आधीच तोंडात कोंबला होता.

लोवेल आला. बसला. डोळे मिटले. घोट घेतला, घोळवला, आणि तो श्वास सोडला.

"आज जमलंय," तो म्हणाला. "मागच्या वेळी लिंबू फार पुढे पुढे करत होतं. आज सगळे आपापल्या जागेवर आहेत. नारळ सौम्य, आणि साखर घालताना तर हात आखडता घेतलाय. याला म्हणतात समज."

मार्लिसचा रुमाल उडाला. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. लोवेलही आधी तिच्याबरोबर थोडा हसला, कशाला ते न कळताच. मग त्याला व्हर्नाच्या कोपराशी उघडी बरणी दिसली.

"किती घातलीस?" त्याने विचारलं.

"चार चमचे. भरून."

त्याने पुन्हा चमचा भरला आणि तोंडात घेतला. या वेळी त्याने डोळे मिटले नाहीत. अंधारात चष्मा चाचपडावा तसं त्याचं तोंड काहीतरी शोधत हललं. मग त्याने गिळलं.

"काही नाही," तो म्हणाला. "नाताळनंतर तो ताप आला ना, तेव्हापासून. डॉक्टरीणबाई म्हणतात, येईल परत. नाहीतर नाही येणार."

"मग आम्हाला शिकवत कशाला बसलास?" व्हर्नाने विचारलं. तिचा आवाज तिला हवा होता तितकाच कडक निघाला.

"नाहीतर काय करू? तुम्ही मला बरोबर आणता कशासाठी? गालिच्यांवर बोलायला?"

लोवेल उठला. पण त्या गावातल्या हिवाळ्यात रागाने तडक निघून जाता येत नाही. मफलर गुंडाळावा लागतो, कोटाची चेन अडकते, टोपी कानांवर ओढावी लागते, एक हातमोजा टेबलाखाली गेलेला असतो. तो हातमोजा कर्टिसने वाकून काढून दिला.

"चल, मीही येतो घरापर्यंत."

"ट्राम आहे," लोवेल म्हणाला आणि गेला.

व्हर्नाला पश्चात्ताप झाला नाही. लबाडाचं पितळ उघडं पडलं, त्यात रडण्यासारखं काय? असं ती स्वतःला घरी जाईपर्यंत सांगत होती, आणि दात घासतानाही सांगत होती.

त्यानंतरच्या गुरुवारी तिघंच गेली. मेनू हातात घेऊन बराच वेळ बसली. काय मागवायचं हे इतकी वर्षं लोवेल ठरवत आला होता आणि तिघांनी मिळून त्याबद्दल त्याला शिव्या घातल्या होत्या. आता यातलं काय चांगलं असतं हे एकालाही ठाऊक नव्हतं. मार्लिसने फ्राइड राइस मागवला. मग कर्टिसनेही तोच मागवला. मग व्हर्नानेही. बर्फावर बोलणं झालं, कर्टिसच्या गुडघ्यावर झालं, पुन्हा बर्फावर आलं. परतताना गाडीत हीटरचा तेवढा आवाज होता.

"आता आपण हसायचं कुणाला?" मार्लिसने विचारलं. आणि पहिल्यांदाच ती स्वतःच्या बोलण्यावर हसली नाही.

पुढच्या खेपेला कर्टिसचा निरोप आला, कुणाच्या तरी मोरीचं पाणी तुंबलंय. व्हर्नाने फोन आपटला. निवृत्त प्लंबरला म्हणे मोरी! ती कर्टिसवर चिडली, मार्लिसवर चिडली. एकाही मेल्याला कणा नाही. बरणी उघडताना कुणी 'नको' म्हणालं होतं का धड? आणि हाच हिशोब जरा पुढे नेल्यावर बरणी उघडणारीचं नाव येत होतं, तेव्हा तिने कोट चढवला आणि दुपारीच लोवेलच्या दारात जाऊन उभी राहिली.

त्याने दार उघडलं. दाढी वाढली होती, गाल बसले होते. टेबलावर कोरड्या कॉर्नफ्लेक्सचं खोकं होतं, दुधाशिवाय.

"जेवतोस का काही?"

"सगळं ओल्या पुठ्ठ्यासारखं लागतं. पुठ्ठ्यासाठी कोण चूल पेटवणार?"

व्हर्ना त्याला बाजूला सारून आत गेली आणि फ्रिज उघडला. एकेक डबा काढून तिने नाकाशी धरला. "हे मेलंय. हे मेलंय. हे तर पुरायला हवं होतं. हे जिवंत आहे अजून." मेलेल्यांची तिने पिशवी बांधली आणि मागच्या दाराने बाहेर नेऊन टाकली. माफी तिने मागितली नाही. मागायला गेली असती तर लोवेलने त्यावरही काही शेरा मारला असता.

"गुरुवारी चल," ती म्हणाली.

"कशाला? आता काय घालणार आहेस, मीठ?"

"त्या खामलाबाईंची क्षमा मागायला. चांगली बशी परत पाठवलीस तू त्यांची."

लोवेलचे कान लाल झाले. त्याने कॉर्नफ्लेक्सच्या खोक्याचं झाकण दुमडून बंद केलं. "दाढी करावी लागेल," तो म्हणाला.

गुरुवारी चौघं लाओ हॉटेलात गेले. लोवेलने कोटसुद्धा काढला नाही, थेट गल्ल्यापाशी गेला. घसा साफ करून, टोपी हातात धरून, त्याने तयार केलेलं सगळं सांगितलं: जानेवारीतलं सॅलड उत्तम होतं, दोष आपल्या जिभेत होता, आपण फार दिलगीर आहोत.

खामलाबाई फोनवर कुणाची तरी ऑर्डर घेत होत्या. त्यांनी फोन खांद्यात धरला. "कुठलं सॅलड?"

"मी परत पाठवलेलं. तुम्ही दुसरं करून दिलंत ते."

"दुसरं कुठलं? त्याच्यावरच लिंबू पिळून आणलं होतं," खामलाबाई म्हणाल्या. "तुमच्यासारखे रोज येतात. बसा, बसा, दारात गर्दी होते." आणि पुन्हा फोनवर बोलायला लागल्या.

लोवेल परत येऊन बसला तेव्हा मार्लिसचे खांदे हलत होते. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि मग त्यालाही हसू आलं, कोरडं, खोकल्यासारखं.

पपईचं सॅलड आलं. सवयीने सगळे थांबले. लोवेलने बशी व्हर्नाकडे सरकवली.

"खा. आणि सांग."

"काय सांगू?"

"काय लागतंय ते."

व्हर्नाने घास घेतला. "बरं लागतंय."

"बरं!" लोवेलने कपाळाला हात लावला. "यापेक्षा एखादं मांजर जास्त सांगेल. बरं म्हणजे काय? आंबट? तिखट?"

"आंबट."

"लिंबाचं आंबट की चिंचेचं?"

तिला चीड आली. हा माणूस कान पकडून क्षमा मागून आला त्याला पाच मिनिटं झाली नाहीत, आणि पुन्हा परीक्षा घेतोय! पण आपल्याला उत्तर येत नाही, याची चीड त्याहून जास्त होती. तिने आणखी एक घास तोंडात टाकला.

"चिंच," कर्टिस अचानक म्हणाला. सगळे त्याच्याकडे वळले. तो पाण्याच्या ग्लासाकडे बघून बोलत होता. "लिंबूही आहे, वरवर. आणि तळाला काहीतरी कुजकं आहे. पण चांगलं कुजकं."

"माशाचं पाणी ते!" लोवेल पुढे झुकला. त्याचे डोळे लकाकले. "हां, ते मागून येतं की आधीपासून असतं? व्हर्ना, तू सांग. तिखट कुठे लागतंय? जिभेच्या टोकाला की घशात? बोल ना, गिळून टाकशील नाहीतर!"

"थांब रे मेल्या," व्हर्ना भरल्या तोंडाने ओरडली, "चावू तरी दे मला!" आणि तिने डोळे मिटले.