एका यार्डासाठी पास

तिसरा क्वार्टर संपत आला तेव्हा आमची टीम सतरा पॉइंट्सनी मागे होती आणि आमच्या हॉलमध्ये कोणी जागचं हललेलं नव्हतं.

आमची टीम म्हणजे आमची अनया आणि माझ्या नवऱ्याचे दोस्त मोरेश्वर भावजी यांचा ईशान ज्या कॉलेजात शिकले, तिथली अमेरिकन फुटबॉलची टीम. मुलं डिग्री घेऊन बाहेर पडली, तिला देशाच्या एका टोकाला अ‍ॅशबर्नला आणि त्याला दुसऱ्या टोकाला बॉथेलला नोकरी लागली, आणि दोघंही गेमचं नाव घेईनाशी झाली. त्यांचे बाप मात्र इथे फ्रिस्कोत अडकले ते अडकलेच.

गेम चालू असताना जागा बदलायची नाही, हा घरचा नियम. क्रिकेट बघायच्या दिवसांतला, सामानाबरोबर इकडे आलेला. माझा नवरा शैलेंद्र सोफ्याच्या डाव्या कोपऱ्यात. भावजी स्वतःच्या घडीच्या खुर्चीत, जी ते दोन घरं पलीकडून दर शनिवारी काखोटीला मारून आणतात. कारण लामॉन्ट ग्रिग्जने चार जणांना अंगावर लोंबकळत ठेवून शेवटची धाव घेतली आणि आम्ही चॅम्पियन झालो, तेव्हा ते त्या खुर्चीत होते. मी त्या वेळी ओट्यापाशी साबुदाणा वडे तळत होते, म्हणून माझी जागा ओट्यापाशी. टीम पुढे सतत हरली तरी बाईला बसू द्यावं, अशी तरतूद नियमात नाही.

आणि येत्या सोमवारी भावजी कायमचे बॉथेलला चालले होते. त्यांची बायको शोभना गेल्यापासून ते एकटेच राहत होते, गुडघाही कुरकुरायला लागला होता. ईशानने बोलावलं, घर विकलं. महिन्यापूर्वी त्यांनी ते याच खुर्चीतून सांगितलं, तेव्हा शैलेंद्र "बरं" म्हणाला आणि त्याने टीव्हीचा आवाज वाढवला. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. इतक्या वर्षांची दोस्ती आणि निरोपाला "बरं." हा त्यांचा इथला शेवटचा शनिवार. आज तरी हा माणूस तोंड उघडेल, एवढीच माझी अपेक्षा होती. गेम गेला खड्ड्यात.

तेवढ्यात टीमला फक्त एक यार्ड, जेमतेम तीन फूट, पुढे सरकायचं होतं, आणि आमच्या टीमच्या पोराने बॉल लांब फेकला. तो कोणाच्याच हातात पडला नाही.

"पास काऊन फेकून राहिला बे हा?" भावजी पक्के नागपूरचे. "एक यार्ड पाहिजे होता. माणूस नुसता आडवा पडला तरी दोन यार्ड होतात."

"मग बॉल घेऊन घुसणार कोण?" शैलेंद्र म्हणाला. "ग्रिग्जसारखा रनिंग बॅक आहे का आता? बॉल छातीशी धरायचा आणि गर्दीत शिरायचं. बाकीच्यांनी बाजूला व्हायचं."

"हार्लन होता की."

"त्याचं नाव काढू नकोस. एक सीझन खेळला आणि दुसऱ्या कॉलेजात पळाला. ग्रिग्ज दोन वर्षं बेंचवर बसला, पण कुठे गेला नाही."

"ग्रिग्जच्या टायमाला गेलं की वर्षभर खेळूच देत नव्हते बे. आता नियम बदलला, पोरं जातात. हार्लनचा खांदा गेला होता. कोणी विचारलं त्याला? दुसरीकडून बोलावणं आलं, गेला."

"इथली माणसं काय मेली होती?"

"इथली माणसं बसून होती."

"राहणारे राहतात, मोरू. जाणाऱ्याचं काय, खुर्ची उचलली की झालं."

भजी तळताना तेल उडावं आणि दचकावं, तशी मी मागे सरकले. टोबायस हार्लन कधी खुर्ची घेऊन हिंडत नव्हता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

भावजी उठले. गेम चालू असताना. त्यांनी खुर्ची घडी करून काखेत घेतली. "वडे मस्त झाले वहिनी," म्हणाले आणि दार हळूच लावून गेले. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

"बघितलंस?" शैलेंद्र म्हणाला. "अर्ध्यात सोडून गेला."

"हार्लन?"

कार्पेटवर खुर्चीच्या चार पायांचे चार खळगे होते. व्हॅक्यूम फिरवूनही ते कधी जात नाहीत. शैलेंद्र टीव्हीकडे बघत होता की त्यांच्याकडे, मला सांगता येणार नाही.

मग चौथ्या क्वार्टरमध्ये, आपलं नशीब किती खोडकर असावं, टीम खेळायला लागली. एक टचडाउन, लगेच दुसरा, सात-सात पॉइंट्सचे. तीन पॉइंट्सचा फरक उरला आणि आम्ही गोल लाइनपाशी येऊन ठेपलो. चारपैकी शेवटचा प्रयत्न, एक यार्ड.

शैलेंद्र उभा राहिला.

"अरे, उठतोस काय?" मी सवयीने म्हणाले.

"आलो," म्हणाला, आणि नुसत्या मोज्यांवर बाहेर गेला.

मी हात पुसले आणि त्याच्या कोपऱ्यात जाऊन बसले. सोफा बराच मऊ निघाला. समोर टीव्हीवर त्याच पोराने बॉल घेतला, दोन पावलं मागे आला आणि फेकला. बॉल टप्पा खाऊन बाहेर गेला.

ते दोघं आले तेव्हा खुर्ची शैलेंद्रच्या काखेत होती आणि भावजी लंगडत मागून येत होते.

"काय झालं?" दोघांनी एकदमच विचारलं.

"पास."

"एका यार्डासाठी?" भावजी.

"एका यार्डासाठी."

"तू उठला म्हणून, शैल्या."

"तू आधी उठलास."

शैलेंद्रने खुर्ची उघडून ठेवली. पाय बरोबर खळग्यांत बसले. भावजी बसले. मग शैलेंद्र टीव्हीकडे बघतच म्हणाला, "सोमवारी ट्रक कधी येतोय?"

"सकाळी आठला."

"मी सुट्टी टाकलीय. ते कपाट तुझ्याच्याने उचलणार नाही."

"कधी टाकली?"

"तू सांगितलंस त्याच दिवशी."

भावजींनी वडा उचलला, परत ठेवला. "मग सांगायचं ना बे."

"सांगणारच होतो."

महिनाभर. महिनाभर मी या माणसाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या, आणि सुट्टी आधीच मंजूर होऊन पडली होती. आमच्या कोचचा आणि याचा प्रॉब्लेम एकच. समोर सरळ वाट असते, आणि हे लोक मागे मागे सरकत जातात.

"इथला अडीचचा गेम बॉथेलला दुपारी साडेबाराला लागेल," शैलेंद्र म्हणाला. "जेवण आधी उरकत जा. व्हिडिओ कॉल लाव, फोन स्टँडवर ठेव, हलवू नकोस."

"आणि ही खुर्ची?"

"ती इथेच राहील. तिकडे दुसरी घे, हिचा काही उपयोग झालेला नाही."

भावजी हसले, डोळे चोळले, आणि मग त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. "वहिनी, तुम्ही बसून काऊन राहिल्या? दीड मिनिट बाकी आहे. ओट्यापाशी जा ना."

मी उठले नाही.