हळदीला चालेल असा हेडफोन

चटईवर सात हेडफोन होते. पाच वायरचे, दोन बिनवायरचे. वायरच्या पाचांपैकी एकाची डोक्यावरची पट्टी तुटून काळ्या चिकटपट्टीनं गुंडाळलेली होती आणि एकाची उजवी बाजू मुकी होती. बिनवायरच्या दोनांपैकी एक माझा, रोज बसमध्ये वापरायचा. शेजारी एक लाल भोपळा, एक कोहळा, भिजवलेल्या कणकेचा गोळा आणि आवाज मोजायचं यंत्र. खिडकीच्या गजाला एक पिवळा इअरमफ लटकत होता, कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या यंत्रांजवळ, कानांवर घालतात तो. तो मी मोजला नाही, कारण तो हेडफोन नव्हता.

घर कुरुळीतलं, तनुजाचं. वार गुरुवार, म्हणजे कंपन्यांना सुट्टी. तिचे आजोबा आबाजी दारातल्या खुर्चीवर बसून आमच्याकडे बघत होते.

"सैपाक चाललाय का शाळा?" त्यांनी विचारलं.

"शाळा, आबा," तनुजा म्हणाली. "भोपळ्याला गाणं ऐकवायचंय."

"ऐकवा. आमचं तर ऐकत न्हाई कुणी."

तनुजाची आणि माझी ओळख एका व्हॅनमध्ये झाली. मी फिजिक्समध्ये एमएस्सी केलं आणि अशा एजन्सीत लागले जी कंपन्यांमध्ये जाऊन मशिनांचा आवाज मोजते आणि कामगारांचे कान तपासते. व्हॅनमध्ये एक आवाजबंद खोली असते. कामगार आत बसतो, मी बाहेरून बारीक शिट्ट्या पाठवते, ऐकू आली की त्यानं बटण दाबायचं. शिट्टी जितकी मोठी करावी लागेल तितका आकडा मोठा. म्हणजे आकडा लहान तेवढा कान चांगला.

दीड महिन्यापूर्वी तनुजा आत बसली तेव्हा डावा कान ठीक होता. उजव्या कानाला चार हजार हर्ट्झची शिट्टी पंचेचाळीस डेसिबलपर्यंत ऐकूच आली नाही. प्रेस ऑपरेटर, पण नोकरीला जेमतेम दोन वर्षं, मफ नीट घालणारी. आकडा पटेना.

"काल आवाजात होता का कुठं?" मी विचारलं.

"काल गुरुवार. प्रेस बंद."

"घरी?"

"घरी नाही. हळदीत होते."

"किती वेळ?"

"शेवटपर्यंत. मीच वाजवत होते ना, मॅडम!"

कुरुळीपासून निघोज्यापर्यंतच्या हळदींमध्ये डीजे वाजवणारी ती एकटीच मुलगी होती. स्पीकर आणि गाणी मिसळायचा कन्सोल गावातल्या बंटीचे. तो सामान पुरवायचा, ती वाजवायची. पुढचं गाणं जुळवताना ते आधी हेडफोनमध्ये ऐकावं लागतं आणि समोर भिंतीएवढे स्पीकर चालू असतात. ते स्पीकर ऐकू येऊ नयेत म्हणून ती हेडफोनचा आवाज शेवटपर्यंत फिरवायची. उजव्याच कानाला, कारण डावा कान उघडा ठेवून उजवा खांद्याशी दाबायची तिची सवय.

दोन आठवडे न वाजवता ती परत तपासायला आली. आकडा वीसवर आला होता. व्हॅनमधले डॉक्टर म्हणाले, "या वेळी कान परत आला. दर वेळी येईलच असं नाही. बंद करा."

तनुजा गप्प बसली नाही. "गावातल्या रणजीतदादाची हळद घेतलीय. ती वाजवणार. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मोजा. तिसाच्या वर गेला तर कन्सोल बंटीच्या हातात देते आणि परत हात लावत नाही. पण त्याआधी मला चांगला हेडफोन शोधून द्या, मॅडम. दोन हजारांच्या आत."

मला हे आवडलं. माणसं माझ्याकडे आकडा मागतात, पण त्या आकड्यावर आपलं काही लावत नाहीत.

पिंपरी कॅम्पातल्या दुकानदारानं डीजेसाठी म्हणून दाखवलेला पहिलाच हेडफोन तिच्या हिशेबाच्या चौपट होता. खोक्यावर घुमणाऱ्या बासचं कौतुक होतं, पण बाहेरचा आवाज किती अडतो ते कुठंच छापलेलं नव्हतं. आम्हाला नेमकं तेवढंच हवं होतं. म्हणून तिनं बंटीकडून, चुलतभावांकडून, भाडेकरू पोरांकडून मिळतील ते हेडफोन गोळा केले आणि मी डोकं शोधलं. खऱ्या माणसाच्या कानात माइक घालणं बरं नव्हे. भोपळा चालतो. भोक पाडायचं, माइक आत सोडायचा, फट कणकेनं बुजवायची, वरून हेडफोन चढवायचा. अंगणात बंटीच्या एका स्पीकरवर ठराविक आवाज लावायचा. हेडफोनशिवाय आत किती आणि हेडफोन घालून किती, यातला फरक म्हणजे हेडफोननं अडवलेला आवाज.

लाल भोपळ्यावर सगळ्या हेडफोनांनी जवळजवळ सारखाच फरक दाखवला. चार, पाच, चार. मी दोनदा यंत्र तपासलं. मग तनुजानं बोट भोपळ्याच्या खाचेतून फिरवलं. "मॅडम, याला फाका आहेत. हवा जातेय." चूक माझी होती. माणसाच्या डोक्याला फाका नसतात.

म्हणून कोहळा. गुळगुळीत, डोक्याएवढा. तिनं सुरी घेतली आणि आबाजी खुर्चीतून उठले.

"थांब. बाईमाणसानं कोहळा फोडायचा न्हाई. पयली सुरी गड्याची."

"आबा, मी चारशे टनाचा प्रेस चालवते."

"तितं चालीव. इतं मी हाय."

त्यांनी कोहळ्याला हात जोडले, सुरीचं टोक टेकवलं आणि मी आखलेल्या गोलावर, रेषा न सोडता, भोक पाडलं. मग जागेवर न जाता तिथंच मांडी घातली. "आता लावा टोपडं," म्हणाले.

कोहळ्यानं खरं सांगितलं. स्वस्त वायरचे हेडफोन आठ ते चौदा डेसिबल अडवत होते. माझा बसमधला सगळ्यांच्या पुढं, बावीस. तो बाहेरचा आवाज ऐकून त्याच्या उलटा आवाज आत सोडतो. भोसरी ते चाकण बसचं इंजीन मला जवळजवळ ऐकू येत नाही ते त्याच्यामुळंच. मी तो अभिमानानं तिच्या हातात दिला.

तिनं तो लॅपटॉपला जोडला, दोन गाणी लावली आणि जुळवायला लागली. तिसऱ्या ठोक्याला थांबली. "हा मागं आहे."

"किती?"

"गाडी गेल्यावर हॉर्न वाजवल्यासारखं."

मी मोजलं. बिनवायरनं आवाज पोचायला एकशे नव्वद मिलिसेकंद उशीर होत होता. बसमध्ये त्यानं काही बिघडत नाही. पण तिच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये पाचशेच मिलिसेकंद होते. वायर लावून पाहिली तर उशीर गेला, पण स्पीकरजवळ नेल्यावर प्रत्येक ठोक्याला आत कट कट वाजायला लागलं. इंजिनाची घरघर त्याला अडवता येते, हलगीचा दणका नाही. प्रवासाला हाच घ्या असं मी आजही कुणालाही सांगेन. हळदीसाठी तो बाद.

राहिला चौदावाला. तो घेतला असता तर तिला आवाज थोडा कमी ठेवता आला असता. थोडाच. मी पाठमोरी होऊन वायरी गुंडाळत होते, तेव्हा वाटलं की आलोच आहोत तर तुलनेला खिडकीतला मफही चढवून पाहावा. तो हेडफोन नव्हता, पण कोहळ्याला काय फरक पडतो?

एकोणतीस.

तनुजानं आकडा पाहिला. माझ्याकडं पाहिलं. मग चिकटपट्टीवाला हेडफोन उचलला, ज्याची पट्टी मोडली होती पण आवाज सातांमध्ये सगळ्यात स्वच्छ होता. "मॅडम, याच्यातली गाणारी चकती त्याच्यात बसेल?"

मी मोजपट्टी लावून पाहिली. मफच्या वाटीत बोटभर जागा उरत होती. "बसेल. वायरीचं भोक नीट बुजवलं तर."

"बुजवायचं मला सांगू नका," ती म्हणाली आणि खाली बसली.

पुढचा तास मी बहुतेक वेळ तिच्याकडं पाहत राहिले. सोल्डरिंग तिला येत नव्हतं, ते मी केलं. बाकी सगळं तिचं. दोन्ही वाट्यांत चकती मधोमध बसावी म्हणून तिनं चपलेच्या सोलाचं रबर कापून कडी केली. भोकातून वायर काढून आतून-बाहेरून एमसील भरलं, बोटाला पाणी लावून गुळगुळीत केलं, वाळेपर्यंत हात लावू दिला नाही. आबाजींनाही नाही. मग दोन्ही वाट्यांच्या गाद्या बदलल्या. कोहळ्यावर चढवलं. भोक पाडूनही सव्वीस अडत होते.

संध्याकाळी बंटी स्पीकर न्यायला आला. तिच्या डोक्यावरची पिवळी वस्तू पाहून त्यानं गाडीची चावीच खाली टाकली.

"तने, हे काय? हळदीला जातीस का नाईट शिफ्टला?"

"कानाला बरं आहे."

"अगं पण डीजेला काही स्टाईल असते का नाही? एक कान उघडा, मान वाकडी. हे घालून तू लाइन इन्स्पेक्टर दिसतीस. पब्लिक हसंल राव."

"हसू दे. हसून पण नाचतात."

पण तिची खरी अडचण हसण्याची नव्हती. दोन्ही कान झाकले की माणसं ऐकू येत नाहीत, आणि ती आजवर माणसांच्या ओरडण्यावर वाजवत आली होती. स्पीकरचं गाणं आणि पुढचं गाणं दोन्ही हेडफोनमध्ये मिसळून देणारं बटण कन्सोलवर होतं. त्याला तिनं कधी हात लावला नव्हता. आठवडाभर ती शिफ्टवरून येऊन गच्चीवर तेच करत होती. पहिले दोन दिवस उजवी वाटी नकळत खांद्याकडं जायची. मग तिनं हातावर स्केचपेननं लिहिलं, 'दोन्ही'.

हळदीच्या दिवशी तिनं कंपनीत रजा टाकली. प्रेसचा आवाज माझ्या मोजणीत मिसळायला नको, हे तिलाच सुचलं. मी माझ्या घरून, संत तुकाराम नगरहून, दुपारीच आले. सहाला मांडवात मोठे स्पीकर सुरू झाले तेव्हा तिच्या उभं राहण्याच्या जागी यंत्र एकशे दोन दाखवत होतं.

हसू आलंच. पहिल्या रांगेतल्या एका पोरानं तिच्याकडं बोट दाखवून आरोळी ठोकली, "अरे, प्रेस शॉप!" सगळा मांडव हसला. तिला ते ऐकू गेलं नाही, पण दिसलं. तिनं कमरेवर हात ठेवून इन्स्पेक्टरसारखी मान डोलावली आणि पहिला ठोका सोडला.

ती कशी वाजवते ते मी तोवर पाहिलं नव्हतं. ऐकू येत नाही म्हणून ती पाय बघत होती. पुढच्या रांगेचे पाय जड पडायला लागले की गाणं संपायच्या आधीच दुसरं आत सरकवत होती, आणि कुठं संपलं, कुठं सुरू झालं हे मला, शोधत असूनही, दोनच ठिकाणी सापडलं. एकदा तिनं संथ हलगीचा ताल हळूहळू चढवत वेगवान गाण्याला नेऊन भिडवला. म्हाताऱ्या बायकांनी फेर सोडला नाही आणि पोरांनीही उड्या थांबवल्या नाहीत, एकाच तालावर दोघं नाचत राहिले. हे मोजायला माझ्याकडं काही नव्हतं.

आठच्या सुमाराला नवऱ्या मुलाचे मामा, उद्धवराव, फर्माइश घेऊन आले. ते तिच्या कानाशी ओरडले. तिनं मान हलवली, ऐकू येत नाही. ते मफ ओढायला लागले. बंटी माझ्या मागून पुटपुटला, "काढ ना एक मिनिट, मामा आहेत ते." तनुजाचा हात वाटीपर्यंत गेला.

तेवढ्यात समोरून रणजीतचा कंपनीतल्या लाइनवरचा एक मित्र पुढं आला. त्यानं हात वर करून मूठ फिरवली, मग दोन बोटं दाखवली. शॉपमध्ये आवाजात बोलतात तसं. मूठ फिरवली म्हणजे वेग वाढव, दोन बोटं म्हणजे नंबर दोन. तनुजानं अंगठा दाखवला आणि आधी लावलेलं दुसरं गाणं परत आणलं. मग सगळ्यांनाच कळलं. मफ घातलेल्या माणसाशी ओरडायचं नसतं, हे त्या मांडवातल्या निम्म्या लोकांना रोजच्या पगाराचं ज्ञान होतं. पुढं सगळ्या फर्माइशी हातांनीच आल्या. उद्धवराव थोडा वेळ पाहत राहिले, मग त्यांनीही मूठ फिरवली, जरा जास्तच जोरात. आबाजी खुर्चीवरून दोन्ही हातांची फुली करून सारखे 'बंद कर' सांगत होते आणि हसत होते.

मध्ये एकदा मी तिच्या हेडफोनच्या आवाजाचं बटण पाहिलं. पूर्वी शेवटाला असायचं. आता अर्ध्याच्या खाली होतं.

दहा वाजता बंटीनं स्पीकर बंद केले. वायरी गुंडाळताना त्यानं पिवळी वस्तू उचलून आतून पाहिली, बाहेरून पाहिली. "तने," तो म्हणाला, "अजून एक बनवता येईल का? काळा रंग मारून."

"आधी उद्या सकाळ होऊ दे," ती म्हणाली.

सकाळी सातला कंपनीच्या गेटजवळ व्हॅन उभी होती. तनुजा शिफ्टच्या आधी आली, आत बसली, दार लावून घेतलं. काचेतून तिचा अंगठा बटणावर दिसत होता, नखाला हळद लागलेली. मी डाव्या कानापासून सुरुवात केली, मग उजवा. चार हजारला पोचल्यावर शिट्टी पाच-पाचनं वर नेली, बटण दाबलं गेल्यावर खाली आणली, परत वर नेली. तीनदा.

उजवा कान, चार हजार हर्ट्झ : पंचवीस डेसिबल.