लताबाईंचा डबा, रेवतीच्या सुया

माझ्या पोटावर नाव कोरलेलं आहे, पण ते माझं नाही. ‘सौ. लता श्याम पाटणकर’ अशी ती अक्षरं आहेत. मी एक स्टीलचा डबा, घट्ट झाकणाचा, चार किलो चिवडा सहज मावेल एवढा. आज फार दमलोय. झाकणाला चिकटपट्टी लागायच्या आत जे सांगायचं ते सांगून घेतो.

लताबाईंच्या लग्नात मी पुण्याहून दिल्लीला आलो. श्यामराव कस्तुरबा गांधी मार्गावरच्या सरकारी कचेरीत होते. पुढे मयूर विहारच्या सोसायटीत त्यांना फ्लॅट मिळाला आणि माझी पायपीट सुरू झाली. दिवाळीत मी चिवडा घेऊन निघायचो, संक्रांतीला तिळाच्या वड्या. शेजारचं पंजाबी कुटुंब असो की मंडळातल्या बायका, कुणीही मला कधी रिकामं परत पाठवलं नाही. काही सुचलं नाही तर मूठभर साखर तरी घालायचे. डबा रिकामा परत करायचा नसतो, हे मला जन्मापासून ठाऊक.

२००२च्या दिवाळीत लताबाईंनी मला नोएडाला, मंडळात नव्याने ओळख झालेल्या रेवतीकडे पाठवलं. रेवती आणि साकेत वर्षभरापूर्वीच अमेरिकेहून परतले होते. तो नव्या काचेच्या इमारतीत कॉम्प्युटरवर काम करायचा. ती कॉलेजात शिकवायची, आणि या देशात सगळं नीट करता येतं यावर तिचा ठाम विश्वास होता. चिवडा चार दिवसांत संपला. मला काय घालून परत करायचं या विचारात ती अडकली. तिला करंजी येत नव्हती, चकली येत नव्हती. ‘पुढच्या रविवारी’ म्हणत तिने मला ओट्याखाली ठेवलं.

त्याच आठवड्यात माझ्यात पहिली सुई पडली.

परतीच्या लांबलचक विमानप्रवासात रेवतीच्या पायात रक्ताची गाठ झाली होती. आता दिवस गेले होते, आणि पुन्हा गाठ होऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं इंजेक्शन रोज घ्यायचं होतं. सकाळी आठला ती पोटाची चिमूट धरायची, साकेत तोंड फिरवायचा, आणि वापरलेली सुई माझ्यात यायची. कचरा वेचणाऱ्यांच्या हाताला टोचू नये म्हणून ती मला वापरायची. चिवड्याच्या वासात औषधाचा वास मिसळला.

तिला बाळंतपण नैसर्गिकच हवं होतं. तीन ठिकाणी तिला सांगितलं गेलं की असल्या केसमध्ये तारीख ठरवून ऑपरेशन करून टाकावं. ती प्रत्येक वेळी हातात कागद घेऊन भांडायची आणि घरी येऊन रडायची. चौथ्या डॉक्टर, सुमित्रा मॅडम, शांतपणे म्हणाल्या, “हो जाएगा. पण शेवटची सुई कधी घेतली, ते मला बरोबर कळलं पाहिजे.” रेवतीने मग इंग्रजीत बाळंतपणाची दोन पानांची योजना लिहिली. पण आईला मात्र सांगितलं नाही. आईची मोठी बहीण शेवंता बाळंतपणात रक्तस्रावाने गेली होती. रक्त पातळ करायचं औषध आणि बाळंतपण हे दोन शब्द एकत्र ऐकले तर आई झोपणार नाही, हे तिला माहीत होतं.

एप्रिलमध्ये आई, मीनाक्षीबाई, पुण्याहून आल्या. रेवतीने मला कपाटात साड्यांच्या मागे लपवलं. आठवड्याभरात त्यांनी मला शोधून काढलंच. नाव वाचून त्या लाजल्या. दिवाळीपासून लोकांचा डबा घरात. नारळाच्या वड्या केल्या, ताट घेऊन आल्या आणि झाकण उघडलं.

आत सुयांचा ढीग होता. वड्या ताटातच गार झाल्या.

रेवतीने सगळं सांगितलं, योजनेचा कागदही दाखवला. ऑपरेशनमध्ये रक्त जास्त जातं, नंतर गाठीची भीतीही वाढते, म्हणून तर हा हट्ट.

“शेवंताअक्काचंही साधंच होतं,” मीनाक्षीबाई म्हणाल्या.

“तिला कुणी काही विचारलं होतं का, आई?”

“नाही.” त्यांनी वड्यांचं ताट बाजूला सारलं. “तो कागद मराठीत लिहून दे.”

दोन पानांचं अर्धं पान झालं. रेवतीचे शब्द अडत होते, आई पुरवत होती. एका ओळीवर आई थांबली. “कळा सुरू झाल्या की सुई नाही. पण सुरू म्हणजे कधी? पहिलीच कळ आली की?”

सहा महिने भांडणाऱ्या रेवतीने हे विचारलंच नव्हतं. तिने फोन लावला. मॅडम म्हणाल्या, शंका आली तरी सुई थांबवा आणि मला कळवा.

मेच्या उकाड्यात एका सकाळी वीज गेलेली होती. साकेत आठला सुई घेऊन आला. रेवतीने पोटाची चिमूट धरली. मीनाक्षीबाईंनी तिच्या पायांकडे पाहिलं. बोटं फरशीत रुतल्यासारखी वळली होती.

“कधीपासून?”

“पाचपासून. खोट्या कळा आहेत गं. लवकर गेलं की ते लगेच ऑपरेशन करतात.”

“खोट्या असल्या तर डॉक्टर सांगतील तेव्हा घे. साकेत, ठेवा ती खाली.”

त्याने ठेवली. मी उघडाच राहिलो, सुई आली नाही.

पुढचं मी मीनाक्षीबाईंनी लताबाईंना फोनवर सांगताना ऐकलं. दुपारी बाळाचे ठोके मंद झाले. ऑपरेशनची तयारी झाली, भूल देणारे येऊन उभे राहिले. शेवटच्या सुईला तीस तास उलटून गेलेले होते. औषध उतरलेलं असल्याने पाठीत सुई देऊन भूल देणं आता धोक्याचं नव्हतं, गरज पडली तर पाच मिनिटांत सुरुवात करता आली असती. म्हणून मॅडम थोडं थांबू शकल्या. ठोके सावरले. संध्याकाळी मुलगी झाली, बाळंतपण साधंच झालं. सकाळी सुई घेतली असती तर कुणी थांबलं नसतं, पूर्ण बेशुद्ध करून लगेच ऑपरेशन केलं असतं, असं मॅडम म्हणाल्या म्हणे.

नंतरही सहा आठवडे सुया येत राहिल्या. आज शेवटची आली. लताबाई बाळाला बघायला आल्या होत्या. मीनाक्षीबाई ओशाळून म्हणाल्या, “तुमचा डबा आम्ही वाया घालवला. नवा आणते.”

लताबाईंनी माझ्या पोटावरच्या नावावरून बोट फिरवलं. “नवा नको. नाव राहू दे त्याच्यावर,” एवढंच म्हणाल्या.

आता साकेत मला हॉस्पिटलात नेऊन देणार. तिथे सुया जाळतात, माझंही काही खरं नाही. दमलोय, म्हणून एकच विनंती करतो. मनातली योजना, कितीही चांगली असली तरी, साड्यांमागे लपवू नका. ज्यांना भीती वाटते त्यांना ती त्यांच्या भाषेत वाचू द्या. तुम्हाला न सुचलेला प्रश्न तेच विचारतात.

चिकटपट्टी लागतेय. लताबाईंच्या घरून निघालो तेव्हा मी भरलेला होतो. इथूनही रिकामा जात नाहीये.