यंदा जुसिलेन वर चढणार

“अगं, वल्हं मार की. ओहोटी लागलीये. खाडी आटली तर होडी काय खांद्यावर नेणार?” होडीच्या पुढच्या टोकाला बसलेली सासू, बेन्विंदा, डाफरली.

“मारतेय ना, आई. होडीत तुमचंही वजन आहे,” जुसिलेन हसत म्हणाली. आज तिला कशाचाच राग येत नव्हता. मोठ्या नदीत दवाखान्याची बोट लागली होती आणि दंडात बसवायची ती कांडी यंदा पहिल्यांदाच फुकट मिळणार होती. एकदा बसवली की तीन वर्षं दिवस राहण्याची धास्ती नाही. मागच्या साली शहरातल्या खासगी दवाखान्यात तिची किंमत ऐकून जुसिलेन आल्या पावली परत फिरली होती.

असाईच्या झाडावर चढण्यात या काठावर तिचा हात कुणी धरू शकत नव्हतं. पानांचा पिळलेला फास पायांत अडकवून ती त्या माडासारख्या उंच, सडपातळ झाडावर सरसर चढायची आणि काळ्या फळांचा घड घेऊन उतरायची. पण लग्नानंतर मोसम यायचा आणि तिला दिवस गेलेले असायचे. चार पोरं झाली. नवरा वर, ती खाली पोट सांभाळत घड गोळा करायला. झाडाच्या शेंड्याची तिला माहेरासारखी आठवण यायची.

घोर एकच होता. पाळी लांबली होती, आणि हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं.

बोटीवर सुएली सिस्टरने तपासणीची पट्टी भिजवून बाजूला ठेवली. “दिवस गेले असतील तर आज बसवता यायची नाही, बरं का.”

जुसिलेनचा जीव टांगणीला लागला. सासूचं तोंड मात्र चालूच होतं. “फुकटची म्हणजे हलकीसलकीच असणार.”

“मावशी, शहरातल्या बायका विकत घेतात तीच आहे ही. फक्त पैसे सरकारनं भरलेत.”

“लई लवकर जाग आली सरकारला,” म्हातारी पुटपुटली.

पट्टीवर एकच रेघ उमटली. “काही नाहीये गं,” सिस्टर म्हणाली. जुसिलेनला उठून नाचावंसं वाटलं.

“लिहितेस कुठल्या हातानं? दुसऱ्यात बसवते.”

“लिहीत नाही मी. झाडावर चढते. त्याला दोन्ही लागतात.”

“आणि कोयता?”

“उजव्यात.”

कांडी डाव्या दंडात गेली. “थोडे दिवस चढायचं नाही हं.”

“मोसमाला अवकाश आहे, सिस्टर. तोवर बसते गुमान.”

पण गुमान बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. घरी आल्या आल्या ती नवा फास पिळायला बसली. पट्टी बांधलेला हात साथ देईना.

“दे इकडे,” म्हणत बेन्विंदाने पानं ओढून घेतली आणि बघता बघता फास पिळला.

“तुम्हाला कसं येतं हे, आई?”

“लग्नाआधी आमच्या घरात मीच चढायचे. मग अकरा बाळंतपणं झाली. चढते कधी?”

इतक्या वर्षांत जुसिलेनला हे ठाऊक नव्हतं.

म्हातारीने फास स्वतःच्याच पायांत अडकवला. अंगणातल्या झाडाला दोन्ही हातांनी मिठी मारून ती वीतभर वर गेली, क्षणभर तिथेच राहिली आणि उतरली.

“घट्ट झालाय,” फास सुनेच्या मांडीवर ठेवत ती म्हणाली. “चढशील तेव्हा जरा सैल कर.” आणि चूल पेटवायला आत गेली.